उजनीचं पाणी आपल्याच घरून जातं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकात पहिल्या पानावर पळसदेवच्या पळसनाथ मंदिराचा रंगीत फोटो होता. उजनीच्या पाण्यातून वर आलेलं शिखर, मागे सूर्य, पुढे एक होडी. फोटो देखणा होता, वाद नाही. योगायोगाने त्याच्या चारच दिवस आधी मी तिथे दिवसभर होडीने आणि पायी फिरून आले होते. फोटोत मावलं नाही ते कळवावं म्हणून हे पत्र. लांबलंय, याची कल्पना आहे. कापायचं झालं तर सहलीचा भाग कापा, नंतरचा कापू नका.

आधी एक दुरुस्ती. मंदिर ‘अवतरलं’ असं आपण छापलंत. ते अवतरत वगैरे नाही, जागच्या जागी असतं, पाणी उतरतं. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठचं जुनं पळसदेव फुगवट्याखाली गेलं. नवं गाव सोलापूर रस्त्याला लागून वसलं, देवाची पिंडही वर नव्या देवळात आणली. धरणात एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, जो टक्केवारीत धरतच नाहीत. म्हणजे पेपरात ‘उजनी शून्य टक्के’ वाचून आपण हळहळतो तेव्हा निम्म्याहून जास्त धरण भरलेलंच असतं. तिथून पुढे टक्केवारी उणे होत जाते. तिकडे पोरंसोरंही ‘उजनी मायनसमधी गेली’ असं सहज म्हणतात. 2024 च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नासच्याही खाली उतरली होती. असा उन्हाळा आला की मंदिराभोवतीची जमीन उघडी पडते आणि काही आठवड्यांपुरतं एक बेट तयार होतं. पाणी आणखी उतरलं तर चालतच जाता येतं, मग त्याला बेट कोण म्हणणार!

आम्ही चौघं होतो. मी, माझी धाकटी जाऊ, गाडी चालवायला भाचा आणि सुट्टीला आलेला नऊ वर्षांचा नातू. पहाटे पाचला सहकारनगरातून निघालो, यवतला चहा घेतला आणि भिगवण मागे टाकून आठच्या आत पळसदेव गाठलं. हमरस्ता सोडून उसाच्या आणि केळीच्या मधून खाली उतरलं की डांबर संपतं आणि धरणाचा तळ सुरू होतो. भेगाळलेला गाळ, त्यावर शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि वायरी दूरवर पाण्यापर्यंत पसरलेल्या. पाणी चार पावलं मागे सरकलं की मोटार चार पावलं पुढे न्यायची, पाइप जोडायचा, वायर वाढवायची. सगळा उन्हाळा हाच उद्योग. मध्येच गाळपेरीचा एक हिरवागार तुकडा लागला. जाऊबाई म्हणाल्या, इथे चपला घालून चालायलाही नको वाटतं.

काठावर फायबरची होडी होती, मागे लहानसं इंजिन, तळात वल्हं आणि जाळ्याचा ढीग. नावाडी पन्नाशीचा, मूळचा मासेमारी करणारा. लाइफ जॅकेटं कुठायत विचारलं तर म्हणाला, “घरी हायती मावशी, पलीकडंच तर जायचंय.” मी म्हटलं, मग आम्ही थांबतो. जाऊबाईंनी ‘हिचं आपलं बँकेतल्यासारखं’ अशा नजरेने पाहिलं. (मी तीस वर्षं बँकेतच होते.) त्याने मुलाला मोटारसायकलवर पिटाळलं आणि चाळीस मिनिटांनी जॅकेटं आली. मला त्याचा राग आला नाही, कारण आमच्या आधी गेलेल्या दोन होड्यांमधल्या एकाही पुणेकराने ती मागितली नव्हती. 21 मे 2024 ची संध्याकाळ इतक्यात विसरावी अशी नाही. कुगावहून कळाशीकडे येणारी होडी याच जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. नावाड्याला ते सांगावं लागलं नाही, त्याने स्वतःच विषय काढला. मे महिन्यात दुपारनंतर वारं कधी उठेल याचा नेम नाही, म्हणून आपण एकच्या आत परत, ही त्याची अट होती. जॅकेट नसलं तरी चालेल, पण दुपारी पाण्यावर नको, असा त्याचा हिशोब. माझा हिशोब दोन्हीचा होता.

होडी वीस मिनिटांत बेटाला लागली. उतरताना नातू पुढे धावला आणि नावाडी एवढ्या जोरात ओरडला की मी दचकले. नातवाच्या बुटापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमाड जमिनीवर तीन अंडी होती. घरटं असं काही नाहीच, जेमतेम एक खोलगट खळी. मातकट रंगावर तपकिरी ठिपके. बोट दाखवूनही मला दिसायला वेळ लागला. नदीसुरय पक्ष्याची अंडी. आई डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालत होती, एकदा तर भाच्याच्या टोपीवर झेपावलीच. भिगवण म्हटलं की आपल्याला हिवाळा आणि रोहित पक्षी आठवतात, पण नदीसुरय अंडी घालतो ती उन्हाळ्यात आणि नेमकी अशा पाण्याबाहेर आलेल्या जमिनीवर. चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे कुत्री-कोल्ही येत नाहीत, एवढाच त्याच्या सुरक्षेचा बंदोबस्त. आता तिथे आपण येतो. मंदिराकडे जाणारी सरळ पायवाट या खळ्यांमधूनच पडली आहे. नावाड्याने आम्हाला काठाकाठाने वळसा घालून नेलं. पुढच्या होडीतली माणसं मात्र सरळ गेली.

मंदिराबद्दल जाणकारांनी लिहावं. मला दिसलं ते एवढंच की खाली दगडी मंडप आहे, वर विटांचं शिखर आहे आणि दर काही वर्षांनी बुडून वर येऊनही दोन्ही उभी आहेत. आमची सोसायटी पंचवीस वर्षांची, गच्ची तीनदा गळून झाली. माझे पाय रेंगाळले ते आवारातल्या वीरगळींपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांपाशी. खालच्या चौकटीत लढाई, मधल्यात वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एका सतीशिळेवरचा बांगड्या भरलेला हात शेवाळाने पार हिरवा झाला होता. नातवाने विचारलं, आजी, ही ‘थांबा’ म्हणतेय का? मी हो म्हटलं. नऊ वर्षांच्या मुलाला सती म्हणजे काय ते भर उन्हात उभं राहून सांगायचं धैर्य मला झालं नाही. शेजारच्या वीरगळीवर कुणीतरी किल्लीने दोन इंग्रजी अक्षरं आणि बदाम कोरला होता. तो मात्र ताजा होता.

मंदिराच्या मागे जुन्या गावाच्या खुणा आहेत. भिंती नाहीत, पण जोती आहेत, त्यामुळे गल्ल्या कळतात. नावाडी एका जोत्यावर चढला, पायाने गाळ बाजूला सारला आणि जमिनीत पक्कं बसवलेलं दगडी उखळ दाखवलं. “आमच्या आजीचं. उचललं न्हाय तवा, जड हुतं.” उखळ काठोकाठ पाण्याने भरलेलं होतं, आणि ते पाणी पोपटी होतं. वर साय धरावी तसा थर. त्याने दोन बोटांनी तो बाजूला केला, वास घेतला आणि हसत म्हणाला, “मावशी, हे पाणी वळखलं का? तुमच्याकडचंच हाय.”

टोमणा नव्हता तो. ‘तुमच्याकडचा चिवडा’ म्हणावं तसं तो म्हणाला. मलाच उत्तर सुचलं नाही.

संपादक महोदय, माझं म्हणणं या उखळापासून सुरू होतं. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, पवना त्याआधीच दापोडीला मुळेत आलेली असते. पुढे मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत जाते. वाटेत दुसरीकडे कुठेही ती जात नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या आपल्या दोन्ही शहरांचं सांडपाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, त्याच वाटेने उतरतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद धरणाच्या साठलेल्या, तापलेल्या पाण्यात शेवाळाला खतासारखं लागू पडतं. उन्हाळ्यात पाणी कमी आणि घाण तेवढीच, म्हणून रंग गडद. यात काठावरच्या उसाच्या खतांचाही वाटा आहे, कारखान्यांचाही आहे. पण पुण्यात हा विषय निघाला की पहिलं बोट साखर कारखान्यांकडे जातं. मीही तेच करत आले. आणि हे पाणी नुसतं बघायचं नाही, सोलापूर शहर ते पितं.

आपल्या दैनिकाकडे माझी तक्रार अशी की उजनी आपल्या पानांवर दोनच वेळा येते. उन्हाळ्यात फोटो म्हणून आणि पावसाळ्यात आकडा म्हणून. ‘दौंडचा विसर्ग इतके क्युसेक’ हे आपण रोज छापता, खडकवासल्यातून किती सोडलं तेही छापता. म्हणजे पाणी मोजलं जातं, जातं कुठे हेही सर्वांना माहीत आहे. मग त्याच चौकटीत आणखी एक ओळ का नको, की आज शहरातून किती सांडपाणी नदीत गेलं आणि त्यातलं किती शुद्ध करून गेलं? मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांच्या मंजुरीच्या, निविदांच्या, मुदतवाढीच्या बातम्या मी वर्षानुवर्षे वाचते आहे. त्या सगळ्या शहराच्या पानावर. उजनी जिल्ह्याच्या किंवा पर्यटनाच्या पानावर. ही दोन पानं एकाच नदीची आहेत, हे मला साठी उलटल्यावर एका उखळापाशी कळावं?

आणि मंदिराचा फोटो पुन्हा छापाल तेव्हा खाली दोन ओळी एवढ्या टाकाच: जॅकेटाशिवाय होडीत बसू नका आणि काठाकाठाने चाला, मुरमावर अंडी असतात. स्थानिक मंडळींनी चार काठ्या रोवून दोरी बांधली तरी पायवाट वळेल. नावाड्याला मी तसं सुचवलं, तर तो म्हणाला, “बांधली हुती की. फोटोत दोरी येती म्हणून काढून टाकली कुणीतरी.”

परतताना एक वाजायच्या आत काठाला लागलो. भिगवणला चिलापी खाल्ली. जाऊबाईंनी खाल्ली नाही, पाणी बघून आल्यावर त्यांची वासना उडाली होती. मी खाल्ली. ज्या पाण्यात आपणच भर घालतो, त्यातला मासा नाकारून त्या नावाड्याचा धंदा बसवायचा, हे मला काही पटलं नाही. चव ठीक होती.

हे पत्र परवा लिहून झालं होतं, पाठवायचं राहिलं. काल रात्री सहकारनगरात वळवाची जोरदार सर आली, अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा झाला. सकाळी सातला नावाड्याचा फोन. “मावशी, पुण्यात पडला का पाऊस?” म्हटलं, चांगलाच पडला. मला वाटलं, बेट बुडेल म्हणून त्याला अंड्यांची काळजी. तीही होती, तिन्हीतलं एक पिल्लू बाहेर आलंय म्हणाला. पण फोन त्यासाठी नव्हता. वळवाचं पहिलं पाणी काळं येतं, गटारं-नाले धुऊन आलेलं, त्यात मासा तडफडतो आणि जाळी घाण होतात. ते दौंडच्या पुढे यायच्या आत त्याला जाळी काढून ठेवायची होती.

आपली,
एक नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे