काकू, तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या पुस्तकांसाठी थँक यू

प्रिय काकू,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय. सगळ्यांनी वाचावं असंच आहे हे.

इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांचं तुम्हाला माहितीच आहे, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला गेलं की हिंदी आणि मराठी उरते आजीशी बोलायला. लिपी एकच, त्यामुळे पोरांना मराठी वाचता येतं, पण पुस्तक हातात दिलं की दोन पानांत कंटाळतात, कारण आपण मोठे बरेचदा देतो ते शहाणं करणारं पुस्तक. तुम्ही शनिवारी सतरंजी टाकून नुसता खेळ मांडलात. ना फी, ना स्पर्धा.

अक्षरांचं पुस्तक तर मी जपून ठेवणारे. ग गणपतीचा, ब बदकाचा वगैरे बाजूला ठेवून तुम्ही मुलांना म्हणालात आपल्या इंदूरची अक्षरं शोधा, आणि मग काय, ग गराडूचा, म्हणजे इथे तळून खातात त्या कंदाचा, प पोह्यांचा, भ भुट्ट्याच्या किसाचा, स सराफ्याचा, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजाराचा, निम्मं पुस्तक खाण्यानेच भरलं. ण आणि ळ वरून शब्दच सुरू होईना तेव्हा पोरं रडकुंडीला आली होती, तर तुम्ही म्हणालात ही दोघं लपाछपी खेळतात, शब्दाच्या पोटात शोधा. शाळेतल्या हिंदी तक्त्यात ळ नाहीये, त्यामुळे माझ्या धाकट्याला तो एकदम आपला वाटायला लागला आणि त्याने तो 'होळकर'मध्ये शोधून काढला! त्या पानावर राजवाड्याचा दरवाजा आहे आणि दोन्ही बाजूंना पहारेकरी म्हणून एकेक ळ, मिशांसकट.

मोठीचं प्रकरण अवघड होतं. नववीतली मुलगी, परीकथा म्हटलं की नाक मुरडायची. तिला तुम्ही सिंड्रेलाचे दोन अवतार शेजारी शेजारी ठेवून दिलेत. एक फ्रान्सच्या पेरोचा, १६९७ मधला, त्यात परी, भोपळ्याची बग्गी, काचेचा बूट. दुसरा जर्मनीच्या ग्रिम बंधूंचा, १८१२ चा, त्यात परीच नाही, आईच्या थडग्यापाशी उगवलेल्या झाडावरून कपडे मिळतात, बूट सोन्याचा, आणि तो पायात बसावा म्हणून एक बहीण बोट कापते, दुसरी टाच! त्या रात्री जेवताना ती हेच बोलत होती, मग लाल टोपीवाली काढली, पेरोकडे लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, ग्रिमकडे शिकारी येऊन पोटातून बाहेर काढतो, म्हणजे सांगणारा बदलला की शेवट बदलतो, मग आपण का नाही बदलायचा.

आणि बदललाच त्यांनी. 'चल रे भोपळ्या'तली म्हातारी सिंड्रेलाला वाटेत भेटते, भोपळा एकच, जायचंय दोघींना, एकीला लेकीकडे एकीला महालात, आणि मागे वाघ. मोठीने ते वाघाच्या तोंडून लिहिलंय, उपाशी बिचारा, सगळे त्याला नंतर ये म्हणतात. वाचताना माझ्या सासूबाई खुर्चीवर हसून हसून लोटपोट झाल्या. काही जण म्हणतात जुन्या गोष्टी अशा बिघडवू नयेत. मला अजिबात पटत नाही, वाघाचं वाचून झाल्यावरच तर पोरांनी आजीला मूळची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, आणि ती अख्खी मराठीत, मधे एकही हिंदी शब्द चालू दिला नाही.

काकू, तुम्ही स्वतःच्या पैशांनी पुस्तकं आणता, फाटलेली पानं चिकटवता, कव्हरं घालता, हे आम्हाला दिसतं बरं का. पुढच्या वेळची पुस्तकं आम्ही पालक मिळून आणणार आहोत, नाही म्हणायचं नाही.

आणि एक निरोप आहे, दोघांकडून. आता हिमगौरी घेतलीये, ग्रिमच्या गोष्टीत सात बुटक्यांना नावंच नाहीत, तर ती आपण ठेवायची असं ठरलंय. सहा झालीत, सातवं तुम्ही ठेवायचं, शनिवारपर्यंत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची