चाचणीची तारीख आधी कळावी

महोदय,

मूल तापाने फणफणले की रात्र जागण्यात जाते आणि सकाळच्या तासाला गैरहजेरी लागते. दोन मुलांना सांभाळत पदवीचा अभ्यास करताना हे मी अनेकदा अनुभवले. अभ्यास कमी पडून गुण गेले तर तक्रार नाही. पण आदल्या दिवशी जाहीर केलेल्या चाचणीत गेलेले गुण मनाला लागतात. ऐन वेळी मुलांजवळ कोण थांबणार? सत्राच्या सुरुवातीलाच तारखा कळल्या, तर घरातल्या कामांची वाटणी करता येते. (नवऱ्याने रात्रीची भांडी स्वतःकडे घेतली, तेव्हापासून मला रोज तासभर सलग वाचायला मिळते.) मुलाच्या आजारपणात चुकलेली चाचणी पुन्हा देण्याची मुभा महाविद्यालयांनी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक विद्यार्थिनी