पेढ्यांची जरा घाई झाली

एडिसन, न्यू जर्सी
१० मे

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

मनूला कॉलेजनं बोलावलं म्हणून तुम्ही आळीभर कंदी पेढे वाटलेत, असं आईकडून कळलं. चूक माझीच. "कॉलेजांची पत्रं यायला लागली" एवढं मी म्हणाले आणि नेमका फोन कट झाला.

मनूचं पोहणं बघून कॉलेजांच्या कोचकडून आतापर्यंत अशी अकरा आलीत. पहिलं आलं तेव्हा मीही हरखले होते. जाड कागद, खाली कोचची निळी सही. ओलं बोट सहीवरून फिरवलं, तर शाई जराही फुटली नाही. छापील! आत उन्हाळी शिबिराचं पत्रक आणि फीचा आकडा.

इथं नियमच तसा आहे. पोहण्यात डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांच्या कोचला दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांना स्वतःहून फोन किंवा मेसेज करता येत नाही. तोवर शिबिराची पत्रकं, प्रश्नावल्या, एवढंच पाठवायचं. मनूची दहावी आत्ता संपतेय (बोर्डाची नव्हे, इथं शाळाच बारावीपर्यंत), त्यामुळे खरं काय ते जूननंतर. आणि पुढे एखादा कोच तोंडी "घेतो" म्हणाला, तरी त्याला बांधून घेता येत नाही. मुलगी पसंत आहे म्हणाले म्हणजे याद्या झाल्या असं थोडंच असतं?

एक पत्र मात्र अस्सल आहे. साधं पोस्टकार्ड, वाकड्यातिकड्या अक्षरात: "दोनशेच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये शेवटच्या पन्नास यार्डांत तू ढिली पडत नाहीस." म्हणजे कुणीतरी खरंच पाहिलं तिला! पण ते कॉलेज डिव्हिजन थ्रीचं. त्यांना पत्र कधीही पाठवता येतं, फक्त खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मदत मिळते ती मार्कांवर नाहीतर घरची परिस्थिती बघून. मनूनं बाकीची पत्रं बुटांच्या खोक्यात टाकलीत, हे एकच फ्रिजवर लावलंय.

उत्तरं तीच लिहिते. ह्यांनी एकदा तिच्या नावानं छान मसुदा करून ठेवला होता. तिनं वाचला, "बाबा, मी असं बोलते का?" म्हणाली आणि पुसून टाकला. कोचनाही मुलांनीच लिहिलेलं हवं असतं.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. नुसतं पोहून भागत नाही. डिव्हिजन वनसाठी शाळेत ठरलेल्या विषयांचे सोळा कोर्स आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते. तेवढी तिची आहे, पण चांगली कॉलेजं त्याहून बरंच जास्त मागतात आणि केमिस्ट्रीनं आमची झोप उडवलीय. रविवारी व्हिडिओ कॉलवर घ्याल का तिला तासभर? माझं ती ऐकत नाही.

एका प्रश्नावलीत विचारलं होतं, घरात आणखी कोण खेळाडू आहे? मला पाठीला डबा बांधून तुम्ही ढोल्या गणपतीच्या घाटावरून कसं ढकललं होतंत, ते तिला ठाऊक आहे. तिनं लिहिलं: "आजोबा. कृष्णा नदी."

आईच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची,
शुभा