हँडब्रेक सैल झाला म्हणून केबल आवळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहनांच्या देखभालीविषयी आपल्या दैनिकात येणाऱ्या मजकुरात इंजिन, टायर आणि बॅटरी यांचा विचार सविस्तर असतो; हाताने लावायच्या ब्रेकची बोळवण मात्र ‘सैल झाल्यास केबल आवळून घ्यावी’ एवढ्या एका वाक्यात केली जाते. हा सल्ला अपुरा आहे आणि मोटारीच्या बाबतीत तर कधीकधी धोक्याचाही ठरतो, म्हणून हे पत्र.

सायकलचे गणित त्या मानाने सोपे. केबलचे आवरण ज्या पोकळ स्क्रूत बसते तो बाहेरच्या दिशेने फिरवला की आवरण पुढे ढकलले जाते, आतली तार ताणली जाते आणि ब्रेकची रबरे रिमच्या जवळ येतात. मग तो स्क्रू जागच्या जागी पक्का धरणारा चेकनट घट्ट करायचा. मात्र लिव्हर हँडलला टेकू लागली, तर आधी रबरे किती झिजली आहेत ते पाहावे, कारण त्यांवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर तार ताणून काहीच साधत नाही. नव्या केबलला सुरुवातीला येणारा सैलपणा तार लांबल्यामुळे येतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः आवरणाची टोके आपापल्या जागी दाबून बसतात, हे त्याचे मुख्य कारण असते. म्हणून नवी केबल घातल्यावर लिव्हर काही वेळा जोरात दाबून मगच शेवटची जुळणी करावी. तारेचे पदर लिव्हरपाशी तुटू लागले असतील, तर केबल बदलणे हाच एक उपाय आहे.

मोटारीत खरी गफलत होते. मागच्या चाकांना ड्रम (चाकाबरोबर फिरणारे पोकळ भांडे) असलेल्या अनेक गाड्यांत ब्रेकशू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) आणि ड्रम यांमधले अंतर आपोआप राखणारी यंत्रणा असते, पण शूला जोडलेला हँडब्रेकचा आतला दांडा पूर्ण मागे येऊन आपल्या जागी टेकला, तरच ती नीट चालते. शूवरचे घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनर, झिजल्याने सैल वाटणारा हँडब्रेक केबल आवळून ‘दुरुस्त’ केला की हा दांडा अर्धवट ओढलेलाच राहतो, आपोआप होणारी जुळणी थांबते, पायाचा ब्रेक हळूहळू खोल जाऊ लागतो आणि थोड्याच काळात हँडब्रेकही पुन्हा सैल होतो. त्याहून जास्त आवळल्यास शू सतत घासत राहून ड्रम तापतो. म्हणजे ज्याने केबल आवळली, त्यानेच पुढच्या बिघाडाची सोय केली.

योग्य क्रम याच्या उलट आहे: आधी ड्रममधील शूंची जुळणी आणि सर्वांत शेवटी केबलचा नट. हँडब्रेक पूर्ण सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत, आणि लिव्हर ओढताना ठरावीक ‘टिक’ ऐकू आल्यावर दोन्ही एकाच वेळी अडली पाहिजेत. हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा असतो. तो मोजणारे मेकॅनिक विरळाच. एकच चाक अडत असेल, तर न अडणाऱ्या बाजूची केबल आवरणात गंजून अडकली असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशी केबल आवळल्याने सुटत नाही. बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकला मात्र हे काहीच लागू नाही. तेथे मागचे ब्रेक उघडण्यापूर्वी यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ब्रेक मोकळा ठेवणाऱ्या स्थितीत, नेणे आवश्यक असते.

यापुढे हा सल्ला छापताना निदान वरील क्रम द्यावा, आणि हे काम हँडब्रेक सोडलेल्या अवस्थेत होत असल्यामुळे सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवूनच करावे, अशी सूचना त्याला जोडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक