शहागंजातल्या बॅगवाल्या चाचांना, पाच किलो ज्वारीसकट आभार

चाचा, सलाम.

तुमचा नंबर माझ्याकडं नाही आणि असता तरी तुम्ही मेसेज बघत नाही हे तुम्हीच सांगितलेलं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलो. तुमचा नातू दिवसभर मोबाईलमध्येच असतो, तो वाचून दाखवेल.

मी कोण ते सांगतो. वाळूजला कंपनीत आहे, गाव अंबडकडं. दिवाळीच्या आधी खांद्याचा पट्टा उसवलेली काळी बॅग घेऊन आलो होतो आणि "फक्त एवढं शिवून द्या" म्हणून घाई करत होतो, तो लंबू.

त्या पट्ट्याची कहाणी तुम्हाला अर्धीच सांगितली, लाज वाटली म्हणून. आम्ही तिघं कळसूबाईला गेलो होतो, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, रात्री चढायचं आणि वर सूर्योदय बघायचा असा प्लॅन. टेंट माझ्याकडं, कारण सेलमध्ये मीच घेतलेला. बॅग म्हणजे कॉलेजची लॅपटॉपवाली, त्यात कपडे आणि खायचं भरलं की संपली. मग टेंट खाली आडवा सुतळीनं बांधला आणि स्लीपिंग बॅग कॅरीबॅगमध्ये घालून हातात. बारी गावातून निघालो तेव्हा लई भारी वाटत होतं. अर्ध्या तासात टेंट झोके घेत मांड्यांवर मागून आपटायला लागला, प्रत्येक पावलाला एक दणका, आणि पुढं त्या लोखंडी शिड्या आल्या तिथं तर कहरच झाला, आडवा टेंट रेलिंगमध्ये अडकला, मी ना वर ना खाली, मागून लोकं "ओ दादा, चला की" म्हणून ओरडायलेत, एक हात शिडीला आणि दुसऱ्या हातात ती कॅरीबॅग. पट्टा उसवला तो तिथल्या ओढाताणीत. उतरताना बॅग लेकरासारखी कडेवर घेऊन उतरलो.

तुम्ही पट्टा आतून उलटा करून बघितला आणि म्हणालात, "सी देता मैं, लेकिन फिर टूटेगा. क्या क्या डालता तू इसमें?" मी म्हटलं काळजी नको, नवी बॅग घ्यायलोच आहे, पंचाहत्तर लिटरची, कार्टमध्ये टाकून ठेवलीय. तेव्हा तुम्ही चष्म्याच्या वरून जे बघितलं ना चाचा, मला शाळेतले गणिताचे सर आठवले. "पंचाहत्तर कायकू? नापा क्या?" मापलं कुठं होतं. मोठी घेतली की सगळं बसेल, एवढंच डोकं.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान घेऊन आलो आणि तुम्ही मागून तेलाचा रिकामा डबा काढला, पंधरा लिटरचा. लिटर म्हणजे काय हे मला त्या डब्यानं कळलं. माझी ती स्वस्तातली स्लीपिंग बॅग, गुंडाळून फुग्यासारखी व्हायची, तुम्ही गुंडाळू दिलीच नाही, कव्हरमधून काढून पायाकडून कशीही कोंबायला लावली आणि अख्खी डब्यात गेली, काठोकाठ. टेंटचं पण तसंच. तोपर्यंत मी टेंट म्हणजे त्या लांबट पिशवीतलं एकच जड वेटोळं समजत होतो. तुम्ही कापड, पोल आणि खुंट्या वेगळ्या केल्या. कापड घडी घालून डब्यात टाकलं, अर्ध्याच्या थोडं वर आलं. पोल बॅगमध्ये उभे, कडेनं. खुंट्या कुठंही कोपऱ्यात, फक्त जाड पिशवीत, नाहीतर टोकं कापड फाडतात. मग कपडे, खायचं, छोटं पातेलं असं करत करत साडेतीन डबे झाले. म्हणजे पन्नासच्या जरा वर. पंचाहत्तर घेतली असती तर उरलेली जागा मी काय रिकामी ठेवली असती का, जॅकेट, चादर, ब्लूटूथ स्पीकर, काय काय घातलं असतं आणि वाहिलंही मीच असतं.

पण खरे आभार पाठीच्या मापाचे आहेत. मला वाटायचं मी पाच फूट अकरा, म्हणजे सगळ्यात मोठ्या साईजची बॅग लागणार. तुम्ही गळ्यातला टेप काढला, मान खाली घालायला लावली, मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथं टेपचं एक टोक धरलं आणि मला हात कमरेवर ठेवायला सांगितले, अंगठे मागं. दोन अंगठ्यांच्या मधली रेघ जिथं येते तिथपर्यंत साडेसतरा इंच. "टांग से लंबा है तू, पीठ से नहीं." दुकानात बसलेली मावशी फिस्सकन हसली होती, ते पण लक्षात आहे.

आणि मग ते तुमच्या वालिदांचं, म्हणजे वडिलांचं सांगितलं. ते टांग्याच्या घोड्याचं सामान शिवायचे आणि साज घोड्याच्या पाठीवर ठेवून बघितल्याशिवाय पुढचा टाका घालायचे नाहीत, कारण घोडा बोलत नाही, जखम झाली की कळतं. माणूस बोलतो तरी मापून घेत नाही, असं तुम्ही म्हणालात आणि परत मशीनवर बसलात. मी ती पंचाहत्तरची बॅग त्याच रात्री कार्टमधून काढली. त्या पानावर लिटर, रंग, किती टक्के सूट, सगळं होतं, पाठीचं माप कुठंच नव्हतं.

आता ज्वारीचं. तुम्ही म्हणालात रिकामी बॅग घालून बघू नको, रिकामी कोणतीही चांगलीच वाटते, स्वतःचं सामान आणि पाच किलो ज्वारी घेऊन दुकानात जा. मी खरंच गेलो. दारात सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडली आणि ज्वारी बघून माझ्याकडं असं बघितलं की बास. आत टेंट, स्लीपिंग बॅग, ज्वारी, दोन लिटर पाणी, सगळं मिळून अकरा किलोच्या आसपास भरलं आणि चार बॅगा आलटून पालटून जिन्यावरून वरखाली केल्या. एकीचा खालचा कप्पा एवढासा की स्लीपिंग बॅग चेन लावू देईना. एकीवर पन्नास अधिक दहा लिहिलेलं, ते दहा म्हणजे वरचा गळा ओढून उंच करायचा, तो भरला की बॅग डोक्याच्या वर जाऊन मागं खेचायला लागली. तिसरीचा कमरेचा पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी ढिला. चौथी, पंचावन्नची, पाठ ॲडजस्ट होणारी, ती बसली.

बसली म्हणजे काय ते अंगावर घेतल्यावरच कळतं. सगळे पट्टे आधी ढिले, मग कमरेचा पट्टा पोटावर न आवळता कमरेच्या हाडावर, तो घट्ट झाला की मग खांद्याचे, आणि शेवटी खांद्याच्या वरून बॅगला जाणारे ते दोन छोटे पट्टे जरा ओढायचे. बहुतेक वजन कमरेवर उतरलं आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज जायला लागलं. तुमच्या सांगण्यावरून टाके पण बघितले, पट्टा जिथं जोडलाय तिथं चौकट आणि मधे फुली आहे का, नवार आत दुमडून घेतलीय का. सेल्समन विचारायला लागला तुम्ही टेलर का. मी हो म्हणालो.

डिसेंबरात हरिश्चंद्रगडला नेली, पाचनईकडून. स्लीपिंग बॅग तळाला, टेंटचं कापड आणि खायचं मधे पाठीला चिकटून, पोल कडेला, बाहेर काहीच लोंबत नाही. वाऱ्यात, दगडांवर, कुठंच तोल गेला नाही, आणि वर कोकणकड्यावर पोचल्यावर मी पहिल्यांदा खांदे न चोळता खाली बसलो. एक चूक केलीच पण. पहाटे दवानं टेंटचं वरचं कापड चिंब झालेलं, घाईत तसंच आत कोंबलं आणि घरी येईपर्यंत सगळे कपडे ओले. आता त्याला वेगळी प्लास्टिकची पिशवी ठेवलीय.

पट्टा शिवायचे तुम्ही चाळीस रुपये घेतले, बाकीच्याचं काहीच नाही. ती जुनी बॅग आता माझी बहीण क्लासला नेते, तुमचा टाका अजून जागचा हललेला नाही. ज्वारीचं मात्र आई अजून विचारते, दुकानात कामून नेली होती म्हणून, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो.

शनिवारी यायलो. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं हे माहितीय. स्लीपिंग बॅगच्या चेनचा रनर निसटलाय आणि सोबत एक मित्र आहे, साठ लिटरची घ्यायची म्हणून अडून बसलाय. टेप गळ्यातच ठेवा, आणि डबा बाहेर काढून ठेवा.

तुमचा लंबू