काका, टाकी मीच रिकामी केली होती

तळमजल्यावरच्या काकांना सा. न.

काका, तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, आणि पैशाचं नाव काढलं तर सरळ दार लावून घेता. म्हणून इथे लिहितोय, इथे तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

तर मागचा गुरुवार. पुण्याच्या लोकांना सांगायला नको की भोसरीकडच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, आणि पाणी बंद असलं तर तेही बहुतेक गुरुवारीच. पेपरात ती ठरलेली चौकट येतेच, गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने. म्हणजे बुधवारी रात्री टाकीत जेवढं चढलं तेवढ्यावर अख्ख्या बिल्डिंगने शुक्रवारपर्यंत काढायचं. माझा प्लॅन साधा होता, नऊपर्यंत झोपायचं, मग मिसळ, मग परत झोपायचं. पण बाथरूमचा नळ टिप टिप टिप करत होता आणि मला वाटलं आज पाणी वाचवायचा दिवस आहे तर वायसर बदलून टाकू, पाच मिनिटांचं काम. (पाच मिनिटांचं काम हा शब्द आमच्या घरात आता बंद आहे.) वायसर काही निघेना, मग नळच फिरवला जरा जोर लावून, आणि कट्ट असा आवाज आला आणि नळ माझ्या हातात. निपल, म्हणजे नळ आणि भिंतीतला पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, भिंतीच्या आत तुटलेला, आणि त्या भोकातून पाण्याची धार थेट समोरच्या गीझरवर.

मी काय केलं तर अंगठा लावला. खरंच. अंगठा लावून उभा राहिलो आणि ओरडत राहिलो, बायको प्लंबरला फोन लावतेय, तो म्हणाला तासाभरात येतो, आणि आज आठवा दिवस आहे, त्याचा तास अजून व्हायचाय. शेवटी ती पळत खाली तुमच्याकडे आली.

तुम्ही बनियन-लेंग्यावर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलात ते गुडघ्याचं दुखणं घेऊन, हे मला नंतर काकूंकडून कळलं. आल्या आल्या तुम्ही एक प्रश्न विचारलात, "वरचा व्हॉल्व बंद केलास का?" मला तर वर व्हॉल्व असतो हेच माहीत नव्हतं, आणि मी म्हणे इंजिनियर! मग गच्चीवर गेलो तर आमच्या लाइनचा गेट व्हॉल्व जाम, कित्येक वर्षांत कोणी हात लावला नसणार. तुम्ही तो जबरदस्तीने पिळला नाहीत, म्हणालात मोडला तर सगळीच टाकी जाईल, त्यात तेल मुरत ठेवलंत आणि खाली येऊन आमच्या हिला म्हणालात, "लाटणं आण."

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून लाटण्याच्या टोकाला घट्ट गुंडाळली, ते टोक भोकात घातलं आणि मागून वरवंट्याने दोन ठोके. धार बंद. नुसतं झिरपत होतं. भिंतीतून बाहेर आलेलं लाटणं आणि खाली घोटाभर पाण्यात उभे आम्ही तिघं.

अर्ध्या तासाने व्हॉल्व हलला, पाव फेरा पुढे, परत मागे, परत पुढे, असं गोंजारत तुम्ही तो बंद केलात. मला वाटलं आता तुम्ही पटकन उरकून टाकाल, पण तुम्ही पाटावर बसलात आणि हॅक्सॉचं ब्लेड माझ्या हातात दिलंत. अर्ध्या ब्लेडला फडकं गुंडाळून भिंतीत अडकलेल्या निपलच्या तुकड्याला आतून चीर पाडायची, पण मागच्या एल्बोचे, म्हणजे भिंतीतल्या वाकड्या जोडाचे, आटे कापले तर टाइल फोडावी लागणार. तुम्ही म्हणालात आवाज बदलला की थांब. मी म्हटलं कसला आवाज, तुम्ही म्हणालात कळेल. दहा मिनिटं खरखर, काही कळत नव्हतं, आणि मग एकदम खरंच तो आवाज जरा बारीक झाला आणि मी थांबलो. तशीच दुसरी चीर, मग छिन्नीने हलकेच ठोकल्यावर तो तुकडा आत दुमडला आणि पकडीने फिरवून बाहेर. अंगठीएवढा तुकडा, पण दीड तास खाल्ला त्याने.

मधेच तुम्ही सांगितलंत तो पाइप तिथेच का तुटला ते. जीआय म्हणजे गॅल्वनाइज्ड लोखंडी पाइपला जस्ताचा थर असतो पण आटे पाडताना तो कापला जातो, आधीच तिथे जाडी कमी, त्यात पुढे पितळेचा नळ, पितळ आणि लोखंड पाण्यात एकत्र आलं की झिजतं लोखंडच. आमची बिल्डिंग १९८७ ची, म्हणजे मी हात लावला नसता तरी कधीतरी गेलाच असता. हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगितलंत का ते माहीत नाही, पण वाटलं बरं.

हार्डवेअरच्या फेऱ्या तीन. पहिल्यांदा पाऊण इंची निपल आणला, दुसऱ्यांदा बरोबर आणला पण आट्यांवर गुंडाळायची टेप विसरलो, तिसऱ्यांदा दुकानदार हसायलाच लागला. "जुना तुकडा खिशात घालून जायचं" हे तुम्ही पहिल्या फेरीनंतर सांगितलंत, आधी नाही, आणि मला खात्री आहे ते मुद्दाम होतं. टेप मी उलटी गुंडाळली तेव्हा मात्र ओरडलात. आटे ज्या बाजूने आवळले जाणार त्याच बाजूने टेप, नाहीतर आवळताना सगळी उलगडून येते. १८६९ सालच्या खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत जन्म काढलेल्या फिटरसमोर मी टेप उलटी गुंडाळत होतो, तुम्हाला काय वाटलं असेल.

साडेचार वाजता नळ बसला. मिसळ राहिली, झोप राहिली.

पण आभार ह्या सगळ्याचे नाहीतच काका. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं, टाकीत पाणी का नाही, कोणी गाड्या धुतल्या का, तिसऱ्या मजल्यावरच्यांवर संशय, मी फोन उलटा ठेवून बसलेलो. आणि तुमचा मेसेज आला, वर्षातून एखादा येतो तो: "गच्चीवरचा व्हॉल्व जाम होता. आज मोकळा केला. त्यात पाणी गेले. क्षमस्व." क्षमस्व तुम्ही लिहिलंत! शब्दन् शब्द खरा आणि माझं नाव कुठेच नाही. वर कोणीतरी तुम्हालाच सुनावलं की काका असली कामं विचारून करत जा, आणि तुम्ही त्यावर नमस्काराचा हात टाकलात.

तर बिल्डिंगवाल्यांनो, पाणी मी घालवलं. तिसऱ्या मजल्याची माफी मागतो. ज्याने काकांना सुनावलं त्याने ह्या रविवारी माझ्याबरोबर गच्चीवर यायचंय, बाकीचे तीन व्हॉल्वही जाम आहेत, मी हलवून बघितलेत.

आणि काका, तुमचा पाइप पाना अजून माझ्याकडेच आहे. आणून देतो, फक्त किचनच्या सिंकचा नळ जरा हलतोय, त्याला हात लावण्याआधी विचारायला येतोय.

तुमचा,
दुसऱ्या मजल्यावरचा

ता. क. लाटण्याच्या टोकाला ट्यूबचा काळा डाग राहिलाय तो निघत नाही. ही म्हणते राहू दे.