आमच्या आईंना बोल लागू न देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण सासूबाईंना ते स्वतः वाचायचंय. तुम्हाला मी इंग्रजीत वाचून दाखवेनच. शिवाय इथे मिनेसोटात गावाबाहेर घर घेतलेल्या आपल्या माणसांनाही तुमच्याबद्दल कळायला हवं.

ऐन जानेवारीत, बाहेर उणे 25 असताना, आमच्या बेसमेंटच्या जाळीतून घाण पाणी वर आलं. तुमच्या आधी दुरुस्तीला आलेल्या माणसाने सेप्टिक टँकचं झाकण उचललं आणि लगेच निकाल देऊन टाकला: ड्रेनफिल्ड, म्हणजे टँकमधलं पाणी जिथे जमिनीत मुरतं ती जागा, गेलं, जमीन पाणी शोषत नाही, उन्हाळ्यात सगळं नवीन घाला. वर विचारलं, घरात पाहुणे आहेत का? आणि आईंकडे बघून मान हलवली. दर 3 वर्षांनी टँक तपासून घ्यायचा इथला नियम आम्ही कधी चुकवलेला नाही. त्याने ते कागद बघितलेसुद्धा नाहीत.

त्या दिवसापासून आईंनी अंघोळ सोडली. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायच्या. "माझ्यामुळे तुम्हाला खर्च," एवढंच तोंडी. साताऱ्याहून नातवासाठी आलेल्या बाईवर ही वेळ आणली, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तुम्ही मात्र टँककडे न जाता आधी बेसमेंटमध्ये उतरलात. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसमधून गटारात सोडलेली बारीक नळी बोटांत धरून उभे राहिलात. थेंब, थेंब, रात्रंदिवस. एवढंसं पाणी गार पाइपात पुढे सरकण्याआधीच गोठतं आणि थरावर थर चढून पाइप बुजतो. त्यात डिसेंबरात त्या आधीच्या माणसाच्याच कंपनीचा ट्रक जमिनीखालच्या या पाइपाच्या लाइनीवरून गेलेला. भुसभुशीत बर्फ जमिनीचं पांघरूण असतो. तो दाबला गेला की गारठा खोल उतरतो. तुम्ही वाफेने पाइप मोकळा केलात आणि टँकमधली पातळी आमच्या डोळ्यांदेखत उतरली. ड्रेनफिल्ड ठणठणीत होतं.

पण आभार मानायचेत ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. बोलता बोलता मी अंघोळीचं सांगितलं होतं, ते तुम्ही लक्षात ठेवलंत. बिलाचं काही न काढता विचारलंत, "त्या कुठे आहेत?" स्वयंपाकघरात त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलात. त्यांच्याकडेच बघत म्हणालात, यात त्यांचा काडीचाही दोष नाही. उलट गरम पाणी वापरात असलं की लाइन गोठत नाही, तेव्हा त्यांनी रोज निवांत अंघोळ करावी. मी मराठीत सांगेपर्यंत तसेच बसून राहिलात. आईंनी मान डोलावली, तेव्हाच उठलात. त्या संध्याकाळी बाथरूममधून त्यांची स्तोत्रं ऐकू आली.

नवीन ड्रेनफिल्ड आमच्या गळ्यात मारणं तुम्हाला सहज जमलं असतं, आम्ही तर मनाची तयारी करून बसलो होतो. ते तुम्ही केलं नाहीत. आणि परक्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनाला काय लागलंय, हे बघायचे पैसे कोणी देत नाही. तरी तुम्ही बघितलंत. अशी माणसं आहेत म्हणून परमुलखात राहायचं धाडस होतं.

फर्नेसचं पाणी साठवून एकदम सोडणारा पंप बसवून झालाय. येत्या हिवाळ्याआधी तिथलं गवत वाढू देऊ आणि लाइनीवर फूटभर पेंढा अंथरू. आई एप्रिलमध्ये साताऱ्याला निघतील. त्याआधी काकूंना घेऊन जेवायला या. तिखट किती चालतं, तेवढं आधी कळवा.

तुमची,
टेकडीपलीकडच्या घरातली सून